पार्सल बर्फात अडकलं, आता काय?

कोकणात थंडी पडली की आंब्याला मोहोर येणार, एवढाच तिचा आपल्याशी संबंध. घाट बंद, दरड कोसळली, गाड्या रखडल्या, हे सगळं आपण पावसाळ्याच्या खात्यात टाकतो. पण लेक कॅनडात, मुलगा लडाखमध्ये आणि दुकानाचा माल लुधियानाहून येणारा असला की तिथल्या बर्फाचा आणि धुक्याचा हिशेब इथल्या पोस्टाच्या पावतीवर चढतो. या वेळच्या निवडक प्रश्नांना उत्तरं देण्याआधी एवढंच सांगतो, की हिवाळ्यात पार्सल सहसा हरवत नाही. ते कुठेतरी थांबतं, आणि थांबलेलं पार्सल वेळेत कुणी उचललं नाही तर परत फिरतं. खरं नुकसान होतं ते या परतीच्या प्रवासात.

प्रश्न : मुलगी कॅनडात विनिपेगला असते. डिसेंबरच्या सुरुवातीला परदेशी स्पीड पोस्टने फराळाचं पार्सल पाठवलं. मुंबईहून देशाबाहेर रवाना झाल्याची नोंद दिसते, पण त्यानंतर दोन आठवडे काहीच हललेलं नाही. हरवलं असेल का? (देवगड)

उत्तर : बहुतेक नाही. ‘देशाबाहेर रवाना’ आणि ‘तिकडे पोचलं’ या दोन नोंदींच्या मध्ये एकेका पार्सलची नोंद कुणी करतच नाही. मुंबईत तुमचं खोकं एका पिशवीत जातं, पिशवीला सील लागतं, आणि ती विमान कंपनीच्या ताब्यात दिली जाते. पिशवी परदेशातल्या टपाल केंद्रात उघडली जाईपर्यंत आतल्या पार्सलांचे क्रमांक गप्प असतात. कॅनडात ही केंद्रं टोरांटो, माँट्रिऑल आणि व्हँकूव्हरला आहेत. विनिपेगचं पार्सल आधी त्यांतल्या एखाद्या ठिकाणी उतरणार, तिथल्या कस्टममधून सुटणार आणि मग पुढे जाणार. बर्फाच्या वादळात विमानं उशिरा सुटतात, रद्द होतात, आणि जागा कमी पडली की माणसं आणि त्यांच्या बॅगा आधी, टपालाच्या पिशव्या नंतर. त्यात डिसेंबर म्हणजे नाताळाची गर्दी.

पावतीवरचा तेरा अक्षरांचा क्रमांक पाहा. सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं, मध्ये नऊ आकडे, शेवटी ‘आयएन’. पहिलं अक्षर ‘ई’ असेल तर स्पीड पोस्ट, ‘सी’ असेल तर साधं पार्सल, ‘आर’ असेल तर रजिस्टर. पार्सलने देश सोडला की हाच क्रमांक कॅनडा पोस्टच्या संकेतस्थळावर टाकून पाहायचा. भारतीय टपालाच्या पानावर ताजी नोंद पुष्कळदा उशिरा उमटते, तिकडच्या पानावर ती आधी दिसते.

आता मुलीला सांगायच्या गोष्टी. कॅनडा पोस्ट खराब हवामानात दोन रंगांचे इशारे देतं. पिवळा म्हणजे वाटप चालू आहे पण उशीर होऊ शकतो. लाल म्हणजे त्या दिवशी त्या भागात पोस्टमन बाहेरच पडणार नाही. लाल इशारा असताना घरी थांबून उपयोग नाही. दाराशी यायची वाट आणि पायऱ्यांवरचा बर्फ काढून ठेवणं हे तिथे घरमालकाचं काम. पायरीवर गोठलेला बर्फ दिसला तर पोस्टमन पार्सल न देताच परत जाऊ शकतो, आणि त्यात त्याची चूक नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, भेट झाली नाही तर तो सूचनेचं कार्ड ठेवतो आणि पार्सल जवळच्या टपाल केंद्रात जातं. तिथे ते १५ दिवस राहतं, मग पाठवणाऱ्याकडे परत. वादळाच्या आठवड्यात कार्ड बर्फात कुठे गेलं ते कळतही नाही. म्हणून कार्डाची वाट न पाहता दर दोन दिवसांनी क्रमांक तपासायला सांगा.

पत्ता पुन्हा एकदा डोळ्यांखालून घाला. कॅनडाचा पोस्टल कोड अक्षर-आकडा-अक्षर, आकडा-अक्षर-आकडा असा असतो. मॅनिटोबातला, म्हणजे विनिपेगचाही, ‘आर’ने सुरू होतो. त्या कोडमध्ये ‘ओ’, ‘आय’, ‘डी’, ‘एफ’, ‘क्यू’, ‘यू’ ही अक्षरं कधीच येत नाहीत. त्यामुळे गोल चिन्ह दिसलं तर तो शून्यच, आणि उभी रेघ दिसली तर तो एकच. हाताने लिहिताना इथेच घोटाळा होतो आणि पार्सल भलत्या मोहल्ल्यात फिरून येतं. इमारतीत राहत असेल तर फ्लॅट क्रमांकाबरोबर दाराच्या बझरचा क्रमांक आणि तिचा तिकडचा मोबाइल हवाच. तुमचा इथला नंबर लिहिलेला असेल तर तिकडून कुणी फोन करणार नाही.

तीन आठवडे उलटूनही दोन्हीकडे नोंद हलली नाही, तर जिथे बुकिंग केलं त्या पोस्टात मूळ पावती घेऊन चौकशीचा अर्ज द्या. हा अर्ज पाठवणाऱ्याच्या नावाने जावा लागतो. मुलीने तिकडे कितीही विचारलं तरी तिला बहुधा हेच सांगतील, की पाठवणाऱ्याला अर्ज करायला सांगा.

प्रश्न : मुलगा सैन्यात आहे, सध्या लडाखकडे. थंडीत त्याला घरचं खाणं पाठवायचं आहे. कधी आणि कसं पाठवावं? पत्त्यात लेह लिहायचं की नाही? (गुहागर)

उत्तर : लेह लिहायचं नाही. कारगिल, द्रास, सियाचीन, काहीच नाही. सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव, युनिटचं नाव, ‘द्वारा ५६ एपीओ’ (एपीओ म्हणजे सैन्याचं टपाल कार्यालय) आणि ९ने सुरू होणारा सहा आकडी पिन, एवढाच पत्ता. (पूर्वेकडच्या तुकड्यांना ९९ एपीओ असतं.) यात सुरक्षेचा भाग आहेच, पण व्यवहाराचाही आहे. पिनचा पहिला ९ दिसला की पार्सल दिल्लीतल्या सैन्याच्या टपाल केंद्राकडे वळतं आणि तिथून युनिट जिथे असेल तिथे जातं. तुम्ही खाली ‘लेह’ लिहिलंत, तर छाननीत एखादा ते नागरी लेहच्या पिशवीत टाकू शकतो, आणि मग पार्सल चुकीच्या दारात थंडी काढतं. पिन पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली. त्याच वर्षी, १ मार्चला, सैन्याची टपाल सेवा स्वतंत्र दल झाली होती. एपीओच्या पत्त्यावर खाजगी कुरियरवाले जात नाहीत, तेव्हा पोस्टच.

वेळेचं गणित रस्त्यांवरून मांडा. लडाखला जायचे नेहमीचे मोठे रस्ते दोन. श्रीनगरहून ‘जोझी ला’ हा घाट ओलांडून, आणि मनालीहून. जोझी ला साडेअकरा हजार फुटांवर. पूर्वी तो पाच-सहा महिने बंद असायचा. सीमा सडक संघटनेच्या बर्फकापणीमुळे आता बंदचा काळ काही आठवड्यांवर आला आहे, पण तो कधी सुरू होईल आणि कधी संपेल हे हिमवृष्टीवर. मनालीचा रस्ता मात्र हिवाळाभर बंदच समजा. ऑक्टोबर २०२०मध्ये अटल बोगदा सुरू झाला तेव्हापासून लेहचा रस्ता बारमाही झाला असं पुष्कळांना वाटतं. तो बोगदा रोहतांगच्या खालून लाहौलपर्यंत नेतो. त्यापुढे सोळा हजार फुटांचा बारालाचा ला तसाच उभा आहे.

रस्ते बंद असताना टपाल विमानाने जातं. लेहला विमानं सकाळच्या वेळातच उतरतात, कारण दुपारनंतर डोंगरातला वारा उठतो. सकाळी ढग किंवा बर्फ असला की त्या दिवसाचं टपाल गेलंच. असे तीन-चार दिवस सलग आले की मागे ढीग साचतो. लेहच्या पुढे, चौकीपर्यंतचा शेवटचा टप्पा कधी हेलिकॉप्टरने, कधी माणसाच्या पाठीवरून. म्हणून आमचा सल्ला असा : थंडीचा मुख्य खाऊ ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाठवून मोकळे व्हा. आठ किलोच्या एका खोक्याऐवजी दोन-अडीच किलोची तीन करा आणि आठवड्याच्या अंतराने बुक करा. लहान खोकं कुठल्याही खेपेत बसतं, मोठं मागे राहतं. आणि पाठवण्याआधी रजेच्या तारखा विचारा. मुलगा घरी, पार्सल चौकीत, असं नेहमी घडतं.

आत काय घालायचं? मालवणी खाजं, डिंकाचे लाडू, मेतकूट, कुळथाचं पीठ, आमसुलं, काजूगर, सुकं खोबरं घातलेली चटणी. ओल्या खोबऱ्याचं काहीही नको. मुंबई-दिल्लीच्या उबदार टप्प्यातच ते आंबतं, बर्फापर्यंत पोचतच नाही. फणसपोळी आणि आंबापोळी टिकतात, पण थंडीत चामड्यासारख्या ताठ होतात, तेव्हा आधीच दोन बोटांच्या पट्ट्या कापून मध्ये बटर पेपर घाला. पिशव्या बंद करताना आतली हवा दाबून काढा. आपण समुद्रसपाटीची हवा भरतो, अकरा हजार फुटांवर बाहेरचा दाब कमी झाला की तीच पिशवी फुगून शिवणीवर फाटते. पॉवर बँक, सुटे लिथियम सेल, लायटर, दाबाने भरलेले स्प्रे हे विमानाच्या टपालात चालत नाहीत. क्ष-किरण तपासणीत एक लायटर सापडला तर अख्खं खोकं अडतं.

प्रश्न : बहिणीला अमेरिकेच्या उत्तरेत कोकम आगळाच्या बाटल्या पाठवायच्या आहेत. ओळखीतल्या एकांच्या बाटल्या तिकडे फुटून पोचल्या. नीट बांधून तर होत्या. मग फुटतात कशाने? (वेंगुर्ले)

उत्तर : आपटून कमी, गोठून जास्त. पाण्याचा बर्फ होताना आकारमान साधारण नऊ टक्क्यांनी वाढतं. काठोकाठ भरलेल्या काचेच्या बाटलीला पसरायला जागा नसते, ती तडकते. बर्फ वितळेपर्यंत कळत नाही, आणि वितळला की आगळ सगळ्या खोक्यात. आगळात भरपूर मीठ असल्यामुळे ते शून्याला गोठत नाही, पण उणे २५-३०ला मिठाचाही इलाज चालत नाही. विमानाच्या पोटात एवढी थंडी नसते. खरी थंडी लागते ती धावपट्टीवरच्या ट्रॉलीत, रात्रभर उभ्या ट्रकमध्ये आणि दाराबाहेरच्या टपालपेटीत.

आमच्या मते हिवाळ्यात आगळ पाठवूच नये. वाळवलेली आमसुलं पाठवा. कुरियरवाले द्रव पदार्थ घ्यायला तसेही खळखळ करतात. पाठवायचंच असेल तर जाड प्लॅस्टिकची बाटली, वरचा दहावा भाग रिकामा. बुचाखाली प्लॅस्टिकचा चौकोन घालून बूच घट्ट करा, बुचावर चिकटपट्टी. बाटली एका बंद पिशवीत, त्याभोवती जुन्या सुती कापडाचा जाड थर, आणि हे सगळं दुसऱ्या पिशवीत. कापड गळती शोषण्यासाठी आहे, नुसता थर्माकोल द्रव शोषत नाही. खोबरेल तेलाची बाटली पांढरी घट्ट होऊन पोचली तर घाबरू नका. ते २४ अंशांच्या आसपासच थिजतं, गरम पाण्यात बाटली ठेवली की मोकळं.

खोक्याबद्दलही बोलू, कारण आपल्याकडच्या दमट हवेत ही चूक बांधतानाच होते. पुठ्ठा हवेतली ओल शोषतो. किराण्याच्या दुकानातून आणलेलं, पावसाळा काढलेलं खोकं हाताला कोरडं लागलं तरी मऊ पडलेलं असतं. बाजूच्या भिंतीवर अंगठा दाबून पाहा. खळगा राहिला तर ते खोकं टाकून द्या. नवं पाच पदरी खोकं घ्या, एक दिवस घरात कोरड्या जागी ठेवा, मगच भरा. आत सगळ्या वस्तूंना मिळून एक जाड प्लॅस्टिकची पिशवी अस्तरासारखी. तपकिरी चिकटपट्टीचा डिंक कडक थंडीत ताठ होतो आणि कडेने सुटतो, म्हणून फक्त मधल्या शिवणीवर एक पट्टी पुरत नाही. मधली शिवण आणि दोन्ही कडा, वर-खाली दोन्हीकडे, आणि प्रत्येक पट्टी बाजूच्या भिंतीवर चार बोटं उतरलेली.

पत्ता जेल पेनने लिहू नका. बर्फ वितळून पाणी लागलं की शाई पसरते. बॉलपेन किंवा पक्क्या शाईचा मार्कर वापरा, वरून पारदर्शक पट्टी. पोस्टाच्या बारकोडवर मात्र पट्टी नको, चकाकीमुळे वाचणारं यंत्र अडतं. पत्त्याची दुसरी चिठ्ठी खोक्याच्या आत सगळ्यात वर ठेवा. बाहेरचं लेबल निघालं तर खोकं उघडल्यावर तीच कामाला येते. जुन्या पद्धतीने मांजरपाट शिवून लाखेचे ठिपके द्यायची हौस असेल तर थंड देशासाठी आवरा. ओलं कापड गोठतं, आणि लाख थंडीत काचेसारखी ठिसूळ होते.

विजेची वस्तू पाठवली असेल तर बहिणीला एवढं सांगा, की गारठलेलं खोकं घरात आणल्यावर लगेच उघडायचं नाही. उबदार हवेतली वाफ थंड धातूवर पाण्याचे थेंब होऊन बसते. बंदच चार-सहा तास ठेवायचं, मग उघडायचं, मगच प्लग लावायचा.

प्रश्न : आमचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. सुटे भाग लुधियानाहून येतात. दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत माल रखडतो आणि वाहतूकदार ‘धुकं आहे’ एवढंच सांगतो. खरंच एवढा फरक पडतो का? (कुडाळ)

उत्तर : पडतो. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत पंजाब, हरयाणा, दिल्ली, उत्तर प्रदेश या पट्ट्यात रात्रीपासून सकाळी उशिरापर्यंत दाट धुकं असतं. ट्रक रात्री चालतात, आणि नेमकी रात्रच हातची जाते. रेल्वेचंही तेच. दिल्लीहून केरळकडे जाणारी मंगला एक्सप्रेस कोकण रेल्वेवरूनच धावते. तिकडे धुक्यात तिला उशीर झाला की इथे लख्ख ऊन असतानाही ती तासन्‌तास मागे असते, आणि परतीच्या फेरीलाही तोच उशीर चिकटतो. रेल्वे पार्सलने मागवत असाल तर पावतीवर कुठल्या स्थानकापर्यंत बुक झालंय ते वाचा. दोन-तीन मिनिटांच्या थांब्यात पार्सल उतरवणं होत नाही, त्यामुळे माल पुढच्या-मागच्या मोठ्या स्थानकात उतरून पडलेला असू शकतो, आणि तिथे तो सोडवायला उशीर झाला की स्थानभाडं चढतं.

धुक्यातला खरा फटका कागदाचा असतो. परराज्यातून ५०,००० रुपयांवरचा माल आला की ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन काढलेला कागद, लागतं. त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. लुधियाना ते कुडाळ सुमारे २,१०० किलोमीटर धरले तर अकरा दिवस होतात. एरवी पुरतात. ट्रक धुक्यात तीन दिवस, मग भिवंडीच्या गोदामात चार दिवस थांबला, की मुदत रस्त्यातच संपते, आणि संपलेल्या बिलावर माल पकडला गेला तर दंड. मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून ते संपल्यानंतर आठ तासांपर्यंत ती वाढवून घेता येते. वाढवण्याचा अधिकार त्या वेळी माल ज्याच्याकडे आहे त्या वाहतूकदाराचा. तुम्ही दुकानात बसून ते करू शकत नाही, पण नवव्या दिवशी फोन करून त्याला आठवण करू शकता. तो फोन कराच.

बाकी साठ्याचा प्रश्न. सुया, बॉबिन, बॉबिन केस, शटल, पट्टे हे हलके आणि रोज लागणारे भाग नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत दोन-अडीच महिन्यांचे भरून ठेवा. लग्नसराईची शिलाई त्याच सुमारास असते. मोटर आणि अख्खी यंत्रं फेब्रुवारीत मागवा. अडलंच तर एखादा भाग मुंबईच्या बाजारातून चार पैसे जास्त देऊन आणणं, गिऱ्हाईक घालवण्यापेक्षा स्वस्त पडतं.

प्रश्न : काश्मीरहून अक्रोड आणि केशर थेट मागवतो. जानेवारीत ऑर्डर दिली की हमखास लांबते. (रत्नागिरी)

उत्तर : मग जानेवारीत देऊ नका. अक्रोड सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उतरतो, केशराची फुलं ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर. नवा माल नोव्हेंबरातच मिळतो. जम्मू-श्रीनगर महामार्गावर बोगदे झाले, चेनानी-नाशरीचा २०१७ला आणि काझीगुंड-बनिहालचा २०२१ला, त्यामुळे माथ्यावरचा बर्फ चुकतो. पण मधल्या रामबनच्या पट्ट्यात पाऊस-बर्फ पडला की दरडी येतात आणि ट्रकांची रांग लागते. परशुराम घाटाखाली अडकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. जून २०२५पासून काश्मीर रेल्वेने जोडलं गेलंय आणि खोऱ्यातून दिल्लीकडे पार्सल गाड्याही सुटू लागल्या, तेव्हा व्यापाऱ्याला माल रेल्वेने काढता येईल का ते विचारा. अक्रोड सालासकट मागवा. फोडलेले गर आपल्या हवेत लवकर खवट होतात, वाटेत पंधरा दिवस गेले तर आणखीच.

प्रश्न : वडील (वय ७६, केंद्र सरकारचे निवृत्त) नोव्हेंबरात थंडीभर मुलीकडे कॅनडात जाणार आहेत. हयातीचा दाखला तिकडून टपालाने पाठवला तर वेळेत पोचेल का? आणि त्यांचं इन्सुलिन इथून पार्सलने पाठवता येईल का? (दापोली)

उत्तर : दोन्ही गोष्टी टपालावर सोडू नका. दाखल्याची मुदत १ ते ३० नोव्हेंबर. (ऐंशीच्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो.) निघण्याची तारीख १ नोव्हेंबरनंतरची ठेवा आणि दाखला इथेच डिजिटल करून घ्या. पोस्टमन घरी येऊन आधार आणि बोटाच्या ठशावर तो काढून देतो, त्याचं शुल्क ७० रुपये. बोटांचे ठसे झिजले असतील, शेतीकाम केलेल्या हातांचे झिजतातच, तर मोबाइलवर चेहऱ्याच्या ओळखीने काढता येतो. त्यासाठी ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन ॲप लागतात. चेहऱ्यावर उजेड समोरून हवा. खिडकीकडे पाठ करून बसवलं तर फोटो काळा येतो आणि पुन्हा पुन्हा नाकारला जातो. काम झाल्यावर मिळणारा प्रमाण क्रमांक लिहून ठेवा आणि बँकेत दाखला जमा दिसतो का ते आठवड्याने पाहा. कागद पाठवण्याची वेळ आलीच तर तिकडचा भारतीय दूतावास हयातीचा दाखला देतो.

इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं आणि ते कधीही गोठता कामा नये. एकदा गोठून वितळलेलं इन्सुलिन दिसायला नेहमीसारखं असलं तरी त्याचा भरवसा उरत नाही, ते फेकायचंच. हिवाळ्यातल्या पार्सलमध्ये ते नक्की गोठेल, आणि मुंबईच्या गोदामात त्याआधी तापेल. वडिलांनी ते हातातल्या बॅगेत न्यावं, सामानात द्यायच्या बॅगेत नाही. मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, औषधाचं रासायनिक नाव लिहिलेलं. कॅनडात स्वतःसाठी जास्तीत जास्त ९० दिवसांचं औषध सोबत नेता येतं. त्याहून जास्त राहणार असतील तर तिथल्या डॉक्टरची भेट आधीच ठरवून ठेवा.

प्रश्न : जर्मनीत शिकणाऱ्या मुलाला संक्रांतीचा तिळगूळ १ जानेवारीला पाठवला तर १४ला पोचेल का? (मालवण)

उत्तर : त्यावर पैज लावू नका. नाताळात साचलेला ढीग जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच निपटत असतो. तिळगूळ टिकाऊ आहे, नोव्हेंबरअखेर पाठवा आणि खोक्यावरच्या नोंदीत ‘भेट’ असं स्पष्ट करा. घरगुती भेट ४५ युरोपर्यंत असली तर तिकडे कर लागत नाही. युरोपीय संघात बाहेरून टपालाने दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ चालत नाहीत, तेव्हा तूप, पेढे, बर्फी, खव्याचं काही नको. गूळ, तीळ, शेंगदाणे एवढ्यावरच भागवा. कस्टमच्या फॉर्मवर ‘फराळ’ किंवा ‘खाऊ’ लिहून चालणार नाही. प्रत्येक पदार्थ इंग्रजीत, वजन आणि किंमत वेगळी. पाकिटात चार वड्या घालून ते पत्र म्हणून टाकलं तर हा फॉर्म नसल्याने ते तिथेच अडतं.

प्रश्न : ऑक्टोबरात स्पितीला गेलो होतो. हिक्कीमच्या पोस्टातून टाकलेली पोस्टकार्डं अजून आलेली नाहीत. (खेड)

उत्तर : ते पोस्ट ४,४०० मीटरच्या वर आहे आणि बर्फ पडल्यावर तिथला व्यवहार थांबतो. साध्या पोस्टकार्डाला क्रमांक नसतो, त्यामुळे माग काढता येत नाही. शेवटच्या आठवड्यात टाकली असतील तर उन्हाळ्यापर्यंत वाट पाहा.

प्रश्न : हवामानामुळे उशीर झाला तर पोस्ट भरपाई देतं का? आणि रजिस्टर पोस्ट बंद झालं, मग महत्त्वाची कागदपत्रं कशी पाठवायची? (अलिबाग)

उत्तर : रजिस्टर बंद झालेलं नाही, १ सप्टेंबर २०२५पासून ते स्पीड पोस्टमध्ये मिसळलं. स्पीड पोस्ट करतानाच नोंदणीची जोडसेवा मागायची, त्याचे प्रत्येकी पाच रुपये आणि वर कर. मग ते पाकीट पत्त्यावरच्या माणसाच्याच, किंवा त्याने नेमलेल्याच्या, हातात दिलं जातं. काउंटरवर तोंडाने मागावं लागतं, नुसतं पाकिटावर लाल शाईने ‘रजिस्टर’ लिहून भागत नाही. ओटीपी सांगून ताबा देण्याची सोयही तितक्याच पैशांत आहे, पण ती बर्फाळ किंवा डोंगरी भागातल्या पत्त्याला घेऊ नका. पोस्टमन दारात, फोनला रेंज नाही, की पाकीट परत.

देशांतर्गत स्पीड पोस्टला ठरल्या मुदतीपेक्षा उशीर झाला तर भरलेलं शुल्क परत मागता येतं. हरवलं किंवा आतलं काही गेलं तर शुल्काच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यांतलं कमी असेल ते. पण बर्फ, पूर, दरड अशा कारणांनी झालेल्या उशिराचा दावा टिकवणं कठीण. परदेशी टपालात तर आंतरराष्ट्रीय करारानेच नैसर्गिक आपत्तीची जबाबदारी टपाल खात्यावरून काढलेली आहे. म्हणून किमती वस्तूला विमा उतरवा, आणि मूळ कागदपत्रं, विशेषतः जमिनीचे दस्त आणि पदवीची प्रमाणपत्रं, डिसेंबर ते फेब्रुवारीत शक्यतो पाठवूच नका. साक्षांकित प्रत चालते का ते आधी विचारा. पावतीचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा, कारण पोस्टाच्या यंत्रातली ती पातळ पावती दोन-तीन महिन्यांत पांढरी पडते आणि तक्रारीच्या वेळी हातात कोरा कागद राहतो. तक्रारीसाठी १८०० २६६ ६८६८ हा टपाल खात्याचा निःशुल्क क्रमांक आहे. फोनवर मिळालेला तक्रार क्रमांक पावतीच्या फोटोखालीच लिहा.